मुका सर्व्हर

लातूरच्या क्लासमध्ये शेकडो लेकरं शिष्यवृत्तीची ऑनलाइन परीक्षा देत होती आणि ऐन वेळी पहिला सर्व्हर मुका झाला. सगळ्यांची उत्तरं एकाच सामायिक डिस्कवर. पहिला मेला तर ती डिस्क दुसऱ्या सर्व्हरनं घ्यायची, असं ठरलेलं.

“द्या की ताई डिस्क दुसऱ्याला!” मदतनीस शारिक घायकुतीला आला. “जवाबच देईना, मेलंय ते.”

सर्व्हर सांभाळणारी देविका खुर्चीतून उठली. “आन् जित्तं असलं तर? दोघं एकदमच लिहितील. एकाही लेकराचं उत्तर धड राहायचं न्हाई.”

देवाचं नाव घेत ती सर्व्हरच्या खोलीत धावली. मुक्या यंत्रावरचा डिस्कचा दिवा लुकलुकत होता. ते अजून लिहीतच होतं! तिनं आधी त्याची वीज तोडली, मगच डिस्क दुसऱ्याला दिली. परीक्षा पुन्हा सुरू झाली.

शारिक तिच्यामागं दारात येऊन उभा होता. “तुम्हाला कसं कळलं, ताई?”

“भूकंपात मी पडलेल्या माळवदाच्या मातीखाली होते,” ती हळूच म्हणाली. “सारख्या हाका मारत होते. आन् वर माणसं म्हणत होती, इथं कुणी जित्तं न्हाई, चला पुढं.”