शेवटची ओळ

महनूर एका बियाणं कंपनीच्या चिखलीतल्या ऑफिसात मोबाईल अ‍ॅपचं काम करायची. स्वस्त फोनवर बारीक अक्षरं पसरून अस्पष्ट दिसत, म्हणून तिनं एकेक ठिपका बसवून नवा, ठसठशीत फॉन्ट घडवला. साहेब खूश झाले.

"फक्त शेवटची ओळ पहिल्यासारखी पुसट राहू दे."

बियाण्याच्या माहितीखालची ती ओळ होती, 'या बीटी कपाशीवरही गुलाबी बोंडअळी येऊ शकते.'

"काऊन, साहेब?"

"वाचल्यावर बियाणं कोण घेईल?"

महनूरनं बटण दाबलं. स्पष्ट ओळीसकट अ‍ॅप सगळ्यांच्या फोनवर गेलं.

"मागच्या साली माह्या अब्बानं हेच अ‍ॅप पाहून पेरलं, साहेब. सारी बोंडं अळीनं खाल्ली. ते अजून सोताच्याच नजरेले दोष देऊन राह्यले."