अठ्ठेचाळीस शून्यं

"नकाशावर आमचा थांबाच नाय," गंगाराम म्हणाला.

नगरपरिषदेच्या कार्यालयात भिंतीवर रत्नागिरीच्या रस्त्यांचा मोठा नकाशा लावला होता. गाड्या लावायच्या जागा निळ्या, मोकळ्या ठेवायच्या पिवळ्या, रिक्षाथांबे हिरवे. प्रसूतिगृहासमोर निळी रेघ होती. गंगारामने तिच्यावर बोट ठेवलं. बोटाखाली ती पूर्ण झाकली गेली.

टेबलामागे नम्रता बसली होती. पार्किंग आराखड्यासाठी या रस्त्याची मोजणी तिनेच केली होती. हरकती घ्यायचा आज शेवटचा दिवस होता, वेळ पाचपर्यंत. पावणेपाच वाजले होते.

"काका, तिथे आता मोटारी लागतील. रिक्षा उभी दिसली तर दंड."

"चौदा रिक्षा आहेत आमच्या. जायचं कुठं?"

"दुसऱ्या थांब्यावर जागा मिळेल ना."

"परक्या रिक्षावाल्याला कोण उभा करून घेतंय? गोड बोलून चहा पाजतील आणि मागून टायरातली हवा सोडतील." तो हसला नाही. "सव्वीस वर्षं झाली. बाळंतीण घरी सोडायची तर आम्हीच सोडतो. खड्डा चुकवत, पहिल्या गिअरात. आणि तुम्ही स्वतः बसला होतात की तिथं, मोजणीच्या दिवशी. सकाळपासून रात्रीपर्यंत. आमचा काडीचा त्रास झाला काय तुम्हाला?"

नम्रताने त्याच्याकडे नीट पाहिलं. लाल प्लास्टिकची खुर्ची तिला आठवली. दुपारी कोणीतरी कोकम सरबत आणून दिलं होतं.

"ते तुम्ही? मला वाटलं, तुम्ही प्रसूतिगृहाचे वॉचमन."

"मी थांब्याचा अध्यक्ष."

तिने कपाटातून फाइल काढली. सकाळी आठ ते रात्री आठ, दर पंधरा मिनिटांची एक ओळ. दुचाकी, मोटार, टेम्पो, रिक्षा. रिक्षाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्यं होती. अठ्ठेचाळीस. तळाशी तिच्याच अक्षरात शेरा होता: कड दिवसभर रिकामी.

"रिक्षा कुठे होत्या, काका?"

"भाट्याला, समुद्राकाठी. सुरूच्या बनात." आता त्याच्या आवाजात थोडा अभिमान आला. "गर्दी कोण करतंय ते मोजायला माणूस येणार, असं कळलेलं. मी सगळ्यांना सांगितलं, त्या दिवशी धंदा बंद. डबे घेऊन बनात बसा. अक्षया कुरकुरली, तिची शाळेची पोरं असतात. तिला पण पाठवली. पहाटे मी स्वतः रस्ता झाडला. साहेबाचं माणूस येणार, तर जागा स्वच्छ नको?"

नम्रताने कागद त्याच्याकडे फिरवला. "आम्ही गर्दी मोजत नव्हतो. कुठल्या जागेचा कोण वापर करतं, ते मोजत होतो. जिथे रिक्षा दिसल्या, तिथे थांबा दिला."

गंगाराम कागद बघत राहिला. बोट एकेका ओळीवरून खाली सरकलं, मध्येच थांबलं, पुन्हा वर गेलं.

"परत मोजा," तो म्हणाला. "उद्या या. खुर्ची देतो."

"मोजणी एकदाच होते."

"मग ही खोडा."

"खोडून काय लिहू? मी जे पाहिलं ते लिहिलं."

"बाय," त्याने हात जोडले. मघापासून तो तिला एकदाही बाय म्हणाला नव्हता. "माझं सोड. मी म्हातारा. बाकीच्यांनी माझं ऐकलं गं. धोंडू म्हणत होता, अप्पा, राहू दे रिक्षा जागेवर. मीच त्याला गप्प बसवला."

नम्रताने घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं उरली होती. तिने हरकतीचा कोरा अर्ज ओढला आणि भराभर लिहायला लागली.

"मोजणीच्या दिवशी रिक्षा मुद्दाम हलवल्या होत्या, असं लिहिते. सही करा. पुरावा लागेल. थांब्यावर रिक्षा उभ्या असलेला एखादा फोटो आहे?"

"रिक्षेचा फोटो कोण काढतो? दसऱ्याला काढतो, हार घालून. तो पण दारात."

"मग आत्ताच काढू. इथून दिसतो थांबा." ती मोबाइल घेऊन खिडकीशी गेली. "दोन-तीन असल्या तरी पुरे."

गंगाराम जागचा हलला नाही.

खाली रस्त्याची कड रिकामी होती. नुकतीच झाडलेली. धूळ बसावी म्हणून पाणी मारलेलं होतं, डांबर अजून ओलं होतं. एका टोकाला लाल खुर्ची ठेवली होती.

"आज साहेब शेवटचं ठरवणार," तो मागून म्हणाला. "खिडकीतून बघतील, म्हणून..."

भाट्याचा पूल ओलांडून इथवर यायला या वेळेला वीस मिनिटं लागत.

त्याच्या खिशातला फोन वाजला. पडद्यावर थांब्यावरच्या निलेशचं नाव होतं. घाईत त्याला तो उचलता येईना. नम्रताने तो हातातून घेतला, उचलला आणि स्पीकर लावून टेबलावर ठेवला, त्या कागदाशेजारी.

"अप्पा, झालं काय काम?" मागे समुद्राचा आवाज होता आणि कोणीतरी हसत होतं. "तुम्ही बिनघोर राहा. चौदाच्या चौदा बनात घातल्यात, तुमची पण. एक गाडी रस्त्यावर दिसायची नाय."