हिरवा झेंडा

आगीच्या सरावाची घंटा झाली तसा तिसऱ्या मजल्यावरचा तो वर्ग दंगा करत दाराशी रांगेला लागला. एक पोरगी तेवढी चाकांच्या खुर्चीत बसून बाईंकडे पाहत राहिली. या खुर्चीपायीच वर्ग तिला महाराणी म्हणे.

"तू बस गं इथेच," बाई म्हणाल्या. "लिफ्ट बंद आहे. शिपाईकाकांनी तुला पाठुंगळी घेतलं की ही पोरं दात काढतात, मग दिवसभर तोंड पाडून बसतेस. सरावच तर आहे."

"मज्जा आहे महाराणींची," तिच्या शेजारच्या बाकावर बसणारी मैत्रीण रांगेतून म्हणाली. "आम्ही मरायचं उन्हात." आणि पळाली.

पायांचा धडधडाट जिन्यावरून खाली खाली गेला. मजला चिडीचूप झाला. महाराणीने खुर्ची खिडकीशी नेली.

मैदानात रांगा लागल्या होत्या. सरावाची रीत तिला पाठ होती. बाईंनी डोकी मोजायची. सगळे आले असतील तर हिरवा झेंडा वर करायचा. कोणी आत राहिलं असेल तर लाल. लाल दिसला की शिपाईकाकांनी वर धावायचं.

बाईंचं बोट रांगेवरून फिरत गेलं आणि शेवटच्या मुलापाशी थांबलं. आता ते वर येईल, खिडकीकडे, असं तिला वाटलं. चटकन दिसावं म्हणून तिने काचेला हात टेकवून ठेवला.

हिरवा झेंडा वर गेला.

"शाबास," भोंग्यातून मुख्याध्यापकांचा आवाज आला. "शाळेत आता कोणीही उरलेलं नाही." मैदानात टाळ्या पडल्या. वर्गातल्या भिंतीवरचा भोंगाही तेच बोलला, रिकाम्या बाकांवर जरा जास्तच मोठ्याने.

थोड्या वेळाने घामाघूम वर्ग परत आला. बाईंनी तिच्या गालावर हात ठेवला. "घाबरली नाहीस ना? गुणाची गं माझी."

"नाही." तिच्या मनात भलतंच काही चाललं होतं. "बाई, खरी आग लागली की मी दार उघडं ठेवू, का लावून घेऊ?"

बाईंचा हात गालावरच राहिला.

"लावून घे," मैत्रीण पाण्याची बाटली उघडता उघडता म्हणाली. "नाहीतर धूर आत येतो."