नळीतली कुंभारीण

दसऱ्याच्या पूजेसाठी बंदूक पाटावर ठेवली, तेव्हा नळीच्या तोंडाशी मातीचं गुळगुळीत बूच दिसलं. कडा इतकी नेमकी, की माणसाच्या हातची नव्हेच.

"कुंभारीण आहे," मी म्हणाले. "ही माशी अशाच नळ्या शोधते. आत कप्पे असतील, प्रत्येकात एक अंडं आणि पिल्लासाठी अळ्या."

"टोचून काढ की!" हे म्हणाले. बंदूक सासऱ्यांची. घराला तिचाच आधार, असं लग्नापासून ऐकत आले होते. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा व्हायची आणि निकाल लागला की मिरवत परत यायची. दर वेळी मी म्हणायचे, राहू दे तिथंच. दर वेळी उत्तर एकच, "बघू."

मी बूच नखानं टोकरलं. "चांगलंच वाळलंय. परवा बागेत चष्मा न लावता माकडांवर नेम धरलात, तेव्हाही हे असणार. चाप ओढला असतात, तर नळी तुमच्याच तोंडावर फुटली असती."

यांनी हातातला कुंकवाचा करंडा पाटावर टेकवला.

"ओढला होता," ते हळूच म्हणाले. "काडतूस सर्दावलेलं निघालं."

माकडांपुढची ती फजिती यांनी दोन दिवस लपवली होती.

यांनी बंदुकीला सोडून त्या मातीच्या बुचाला कुंकू लावलं आणि मनोभावे हात जोडले.

"उद्या ठाण्यात देऊन येतो."

"सध्या निवडणूक नाहीये."

"नसू दे. कायमची देऊन येतो."