उसनं उत्तर

पोहे गार झाले, तरी आमच्या ह्यांची परीक्षा संपेना. मुलीला बघायला आलेल्या मुलाची पत्रिका बाजूला ठेवून त्याचं इंग्रजी तपासणारा सासरा दुसरा नसेल. इंग्रजीचे मास्तर म्हणून निवृत्त झाले, पण शाळा काही सुटली नाही.

आधीचा डॉक्टर ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’वर आपटला, त्याआधीचा इंजिनिअर ‘अडॉप्ट’ आणि ‘अडाप्ट’वर. लेक तेव्हा खाली मान घालून निवांत चहा ओतत होती.

“‘बॉरो’ आणि ‘लेंड’. फरक सांगा,” हे म्हणाले.

मुलाला घाम फुटला. ह्यांच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या लेकीने हातातला ट्रे आधी छातीशी ओढला, मग पुढे केला.

“बॉरो म्हणजे उसनं घेणं,” मुलगा सावकाश म्हणाला, “आणि लेंड म्हणजे देणं.”

“शाब्बास! पाया पक्का आहे मुलाचा!” हे खूश.

कॉपीबहाद्दर पकडल्याच्या बढाया जन्मभर मारणाऱ्या माणसाच्या पाठीमागे, त्याच्याच दिवाणखान्यात कॉपी झाली. लेकीची आणि माझी नजरानजर झाली. मी लगबगीने पेढे आणले.

सुपरव्हायझर फितूर असल्याशिवाय कॉपी होते का कुठे?