चार वाजताचा रकाना

“गरम आहेत तोवर खाऊन घे. ह्यांना ताप भरलाय, म्हणून आज दोनची पाळी माझ्याकडे आलीय.”

पिमदावच्या हातातल्या काड्या थांबल्या. “कसली पाळी, मामी?”

नूडलवाल्या इनमामाच्या बायकोने जीभ चावली. पण आता बोलून बसली होती.

वाडगा तसाच सोडून पिमदाव तडक गावच्या आरोग्य केंद्रात गेली. गेल्या हिवाळ्यात तिने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. इस्पितळातल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला सावरलं. पण फेब्रुवारीत ती अठरा वर्षांची झाली आणि तिचे कागद मोठ्यांच्या विभागात गेले. तिथली तारीख मिळाली त्रेपन्न दिवसांनंतरची. ती आता उद्यावर आली होती.

आरोग्यसेविका कन्निका मावशी शेंगा सोलत बसली होती.

“मावशी, माझ्यावर पहारा लावलायस तू?”

“पहारा म्हण, नाहीतर सोबत म्हण. एक डॉक्टर सुटला, दुसरा अजून मिळायचाय. मधले दिवस असेच सोडायचे का गं? आणि संमतीच्या कागदावर तू सही केली होतीस की. न वाचता केलीस, ते तुझं तू बघ.”

मावशीने खणातून निळी वही काढली आणि तिच्या नावाचं पहिलं पान उघडून पुढे सरकवली.

सहा, दोन, चार, आठ असे रकाने होते. सहाचा मठातल्या भन्तेंचा. ‘भिक्षा वाढताना आज हसली.’ दोनचा इनमामाचा. ‘नूडलमधले मांसाचे गोळे सगळे संपवले. वर तिखट मागितलं. चांगली खूण.’ आठचा समोरच्या आजीचा. ‘खिडकीत दिवा. गाणं म्हणतेय, बेसूर.’

पिमदावला हसू आलं. आपण नसतो तर कुणाला पत्ताही लागला नसता, असं तिला किती दिवस वाटत होतं. आणि इथे सोंगक्रानच्या, नव्या वर्षाच्या सणाच्या दिवसांतही, सगळं गाव एकमेकांना भिजवत असताना, कुणीतरी ओल्या हातांनी तिच्याबद्दल लिहून गेलं होतं. अक्षरं फुटली होती, पण रकाना भरलेला होता. ती थक्क होऊन पानामागून पान वाचत राहिली.

चारचा रकाना मात्र पहिल्या दिवसापासून कोराच होता.

रोज चारला मावशी तिला सुताच्या गुंड्या देऊन नदीकाठी सैंगदाकडे पिटाळायची. सैंगदा विणकरीण, तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आणि अबोल. पिमदाव चहा करायची, बडबडायची. सैंगदा माग चालवत ऐकायची आणि निघताना रोज एकच विचारायची, “उद्या येशील ना?”

“सैंगदाला लिहायचा कंटाळा दिसतोय,” पिमदाव म्हणाली.

“चारचं लिहायचं नसतं,” मावशी शेंगांकडे बघत म्हणाली.

“बरं, मावशी, उद्यापासून मला डॉक्टर आहेत. आता सगळ्यांना सुट्टी दे. किती दिवस लोकांनी माझं ओझं वाहायचं? सैंगदालाही निरोप दे, मी आजपासून येणार नाही. माझी टकळी ऐकून तिचे कान किटले असतील बिचारीचे.”

“अगं, आज तरी जा.” मावशीच्या हातातली शेंग खाली पडली. “पावणेचार होत आलेत.”

“नको म्हटलं ना. सुटू दे तिला एकदाची.”

“पिम, मी सांगते म्हणून जा.”

मावशीचा आवाज असा कधी कापत नसे. पिमदावला नवल वाटलं. तिने वही मिटायला म्हणून आपलं शेवटचं पान उलटलं. मावशीने घाईने वहीवर हात ठेवला, पण तोवर पुढचं पान दिसलं होतं.

ते सैंगदाचं होतं. सकाळी सोबतीला कुणी, दुपारी कुणी, रात्री आणखी कुणी. आणि चारच्या रकान्यात, पहिल्या दिवसापासून आजपर्यंत, एकच नाव होतं: पिमदाव.