तेल पुसलेला रुमाल

"याजक फक्त अर्पण करत नाही, तो स्वतः अर्पण होतो," असं बिशप म्हणाले आणि पहिल्या बाकावर फिलूबाई दचकल्या.

याजकपदाची दीक्षा घेणारा त्यांचा एकुलता मुलगा रेमंड वेदीसमोर पालथा पडला होता, कपाळ फरशीला टेकून. याच जागी त्याच्या बापाची शवपेटी ठेवली होती. सगळं चर्च संतांची प्रार्थना म्हणत होतं. फिलूबाई मात्र पोराची पाठ हलतेय ना, तेवढंच बघत होत्या.

शेवटी तो उठला. बिशपांनी त्याच्या तळहातांना लावलेलं तेल पुसून झाल्यावर रुमाल त्यानं आईला दिला.

"जपून ठेव. शवपेटीत याजकाच्या आईच्या हातांना हाच बांधायची रीत आहे."

"म्हणजे आधी मीच जाणार?"

रेमंडनं मान खाली घालूनच होकार दिला.

फिलूबाईंचा जीव भांड्यात पडला.